महाद्वारातून समुद्राकडे

महाद्वारात उभे राहा आणि देवळाकडे पाठ करा. आता तुमच्या डोळ्यांसमोर जी दिशा आहे, तीच आत गाभाऱ्यात अंबाबाईच्या डोळ्यांसमोर आहे. ही देवी पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला, आणि पुन्हा 9, 10, 11 नोव्हेंबरला मावळतीचा सूर्य या दारातून आत शिरतो. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. किरणोत्सवाला जमलेली सगळी गर्दी मूर्तीकडे बघत असते. तुम्ही उलट बघा, किरणं जिकडून येतात तिकडे. तिकडे उसाची शेतं आहेत, शेतांपलीकडे सह्याद्रीची कड आहे, आणि कडेखाली समुद्र.

कोल्हापूर म्हटलं की तालमीतली माती, गुऱ्हाळं, तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. सगळं घाटावरचं. पण हे शहर दोन हजार वर्षं समुद्राशी व्यवहार करत आलं आहे. तो व्यवहार ज्या वाटेनं झाला ती वाट आपल्या इतिहासात कुठंतरी कोपऱ्यात पडून राहिली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. राजांची नोंद झाली, तहांची झाली, वेढ्यांची झाली. मिठाची गोणी पाठीवर घेऊन दोन हजार फूट चढणाऱ्या बैलाची झाली नाही. आज त्या बैलाच्या मागून चालायचं आहे. वाट एकच, शतकं मात्र बदलत जातील, तेव्हा थांबवलं तिथं थांबा.

महाद्वार रोडनं गंगावेशीवर या, तिथून पंचगंगेकडे उतरा. डाव्या-उजव्या हाताची दुकानं विरळ होऊ द्या. डांबर जाऊन माती येईल, मोटारींचे आवाज बंद होतील. नदीकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीशी पोचेपर्यंत अठराशेहून जास्त वर्षं मागं गेलेली असतील.

इथं गाव आहे. भाजक्या विटांच्या भिंती, वर कौलं. सातवाहनांचा काळ चालू आहे. बाजारात शिशाची नाणी चालतात, एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला डोंगरासारखी खूण आणि झाड. नाण्यावर विळिवायकुर असं राजाचं नाव आहे. एक नाणं उचलून तळहातावर घ्या, हाताला चांगलं जड लागेल. एका घराच्या ओसरीवर माल उतरवला जातोय. ताटं, भांडी, आरसे, सगळं काशाचं, आणि त्यात एक छोटी मूर्ती. वीतभरही नाही. उघड्या अंगाचा, दाढीवाला, पिळदार पुरुष, एक हात वर उचललेला. त्या हातात त्रिशूळ असावा, म्हणून ओसरीवरच्या कुणाला तो शंकर वाटला तर नवल नाही. तो पोसायडन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव.

जरा वेळ त्याच्याकडे बघा. पावसाळी वारा पाठीशी घेऊन अरबी समुद्र ओलांडणारी जहाजं, कोकणातली बंदरं, मग डोंगर, मग ही ओसरी. एवढ्या लांबून आलेला हा समुद्राचा देव पुढं ब्रह्मपुरीच्या मातीत गाडला गेला आणि 1940 च्या दशकात पुन्हा उजेडात आला. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी 1945-46 मध्ये इथं रीतसर उत्खनन केलं, तेव्हा त्या विटांच्या घरांचा आराखडाच समोर आला. मूर्ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. शहरातल्या प्रत्येक शाळेनं मुलांना एकदा तरी तिच्यासमोर उभं करावं, असं मला वाटतं. अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीनं दुसऱ्या शतकात दख्खनमधल्या 'हिप्पोकुरा' या राजधानीचं आणि 'बालेओकुरोस' या तिथल्या राजाचं नाव लिहून ठेवलं. तुमच्या तळहातावरच्या नाण्यावरचं नाव आणि हे नाव एकच, असं बरेच अभ्यासक मानतात. नाणं परत ठेवा. निघायचं आहे.

पण गाव सोडण्याआधी एक हजार वर्षांची उडी इथंच घ्या. साल 1135 च्या आसपास. आता या गावाला क्षुल्लकपूर असंही म्हणतात. शिलाहारांचं राज्य आहे, गंडरादित्य राजा आहे. त्याचा सामंत निंबदेव यानं रूपनारायण नावाची जैन बसदी बांधली आहे आणि तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांची सभा भरली आहे. सभेत नुसते गावचे वाणी नाहीत. ऐहोळेच्या पाचशे स्वामींच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, अर्ध्या दक्षिण हिंदुस्थानात पसरलेल्या महासंघाचे वीर बणंजू आलेत. त्यांनी ठरवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर देवळासाठी इतकं इतकं द्यायचं, आणि ते दगडावर कोरून ठेवलं. जकातीचा असा लेख कोरायचा म्हणजे माल रोजचा हवा, वाट बारमाही गजबजलेली नसली तरी भरवशाची हवी. आडगावात असे लेख सापडत नाहीत.

आता नदी ओलांडा आणि पन्हाळ्याकडे चालू लागा. डाव्या अंगाला डोंगर दिसतो तो पन्हाळा, उजवीकडे जोतिबाचा. जोतिबाच्या डोंगरावरच्या गावाचं नाव वाडी रत्नागिरी. पुढं कित्येक मुक्कामांवर समुद्रकाठीही एक रत्नागिरी आहे. चैत्रातल्या यात्रेला गुलाल उधळत सासनकाठ्या नाचवणाऱ्यांत कोकणातून घाट चढून आलेली कुळंही असतात. व्यापार आणि देवदर्शन एकाच वाटेनं व्हायचं, मीठ विकून झालं की देवाला नारळ.

पन्हाळ्याच्या पायथ्याशी थांबा. साल 1660, उन्हाळा. उजाडल्यापासून धूळ उठलेली आहे. सिद्दी जौहरच्या फौजेनं मार्चपासून गडाला वेढा घातला आहे आणि शिवाजीराजे वर अडकले आहेत. रस्त्यावर नेहमीचे तांडे नाहीत. आडबाजूला एक हेलकरी बसलाय. नुसत्या कमरेला फडकं, खांद्यावर ओझ्यानं पडलेला घट्टा.

"कुठनं आलास?" तुम्ही विचारता.

"राजापुरास्नं." तो मान हलवतो. "मीठ आणायला गेलतो. हे ओढत आनलं."

त्याच्या बोटाच्या दिशेनं बघा. बैलजोड्यांमागं बैलजोड्या, आणि मागं आखूड, रुंद तोंडाची उखळी तोफ. तोफेबरोबर लाल तोंडाची, टोपीवाली माणसं. राजापूरच्या इंग्रजी वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती. 1649 साली वखार घातली तेव्हा ते मिरी आणि कापड घ्यायला आले होते. आता राजाच्या लढाईत दुसऱ्या बाजूनं तोफगोळे विकायला आणि डागायलाही आलेत. थोड्याच वेळात गडाच्या दिशेनं गोळा सुटेल आणि मोर्च्यावर इंग्रजांचं निशाण फडकेल. ते निशाण गडावरून नीट दिसतंय, हे ध्यानात ठेवा.

या वाटेचा हा पहिला विश्वासघात मला कायम टोचत आलाय. पिढ्यान् पिढ्या जी वाट हेलकऱ्यांनी पायांनी मळून रुंद केली, तिच्यावरून तोफ वर आली, कारण वाट मळलेली होती. रस्ता कुणाचं ओझं वाहायचं हे ठरवू शकत नाही.

जुलैपर्यंत थांबा. 12 जुलैची रात्र, आषाढाचा पाऊस. हाच रस्ता आता चौक्यांनी भरलाय. राजदिंडीकडून उतरलेली दोन-तीन पालख्यांएवढी सावली रस्त्यावर येत नाही. ती मसाईच्या पठारावरून, चिखलातून, जंगलातून जाते. वाट शत्रूच्या ताब्यात आहे, म्हणून राजा आडवाटेला लागला. मागं शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती लागेल आणि आपलं काम करून मरेल. पुढं पांढरेपाण्याजवळ घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे उभे राहतील. विशाळगडाखालीही सोपं नव्हतं. तिथं कोकणचेच सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी वेढा घालून बसले होते. तोही वेढा फोडून राजे गडावर पोचले. विशाळगड हा खालच्या कोकणच्या आणि वरच्या पन्हाळ्याच्या मधला गड. इथं आलं की दोन्हीकडं पाय टाकता येतो. म्हणून तर जीव घेऊन पळताना राजांनी दिशा धरली ती पश्चिमेची.

पाऊस थांबू द्या. आपल्याला अकरा वर्षं पुढं सरकायचं आहे.

1671, मार्गशीर्षातली सकाळ. मलकापूरहून निघून येळवण जुगाई मागं टाकून तुम्ही अणुस्कुऱ्याच्या तोंडाशी आलात. इथं जमीन संपते. खाली निळसर धुक्यात टेकड्यांवर टेकड्या, आणि हवा अगदी स्वच्छ असेल तर फार लांबवर चकाकणारी रेघ. आधी वास येईल, मग घंटांचा आवाज. लमाणांचा तांडा चढून येतोय.

पुढचा बैल सगळ्यांत थोराड. त्याच्या शिंगांना कवड्यांच्या माळा, गळ्यात मोठी घंटा. त्याच्या आवाजावर बाकीचे चालतात, त्यांना हाकावं लागत नाही. प्रत्येकाच्या पाठीवर दोन्हीकडं समतोल गोणी. एक बाजू जड झाली तर चढावर पाठ सोलते, म्हणून नाईकाची बायको सारखी मागंपुढं करत गोण्यांवर हात फिरवून बघते. वळणांवर बसवलेले दगड खुरांनी गुळगुळीत झालेत. तुमचा पाय घसरेल, बैलाचा घसरत नाही.

गोण्यांत मीठ आहे. त्याखालोखाल नारळ, सुपारी, आमसुलं, सुकी मासळी. उतरणाऱ्या तांड्यांत गूळ, मिरची, तूप, धान्य, कापूस आणि डोंगरातला हिरडा. कोकणात भात पिकतं, पण घाटमाथ्यावरचं धान्य आणि गूळ लागतोच. देशावर सगळं पिकतं, पण मीठ पिकत नाही. घाटावरच्या प्रत्येक भाकरीत समुद्राचा चिमूटभर वाटा आहे, आणि तो असा, चार पायांवर, वर आला.

तांडा जिथं बसेल तिथं तुम्हीही बसा. झऱ्याचं पाणी प्या. नाईक आणि एक वाणी मिठाच्या भावावरून बोलतायत. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त मिळतं, म्हणून उदमी तिकडं वळू लागलेत आणि संगमेश्वराकडचं मीठ पडून राहतंय. ही तक्रार राजापर्यंत पोचली आहे. याच डिसेंबरात शिवाजी महाराजांचं पत्र कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना गेलं: बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते महाग पडेल आणि आपल्या मुलखातलं मीठ खपेल. लढाईच्या धामधुमीत एक राजा मिठाच्या गोणीचा हिशेब मांडून बसला. त्याला माहीत होतं की घाटातून कुठला माल चढतो यावर खालच्या मिठागरातल्या माणसाची चूल अवलंबून आहे. पन्हाळ्याची ती रात्र जितकी लक्षात राहते तितकंच हे पत्रही लक्षात राहावं, असं मला वाटतं.

आता उतरा. गुडघे थरथरतील. करवंदीच्या जाळ्या, ऐन, जांभळं, मग दाट सावली, मग एकदम दमट ऊन. अंगातून घामाच्या धारा लागतील. पायाखालची काळी माती जाऊन लाल जांभा येईल. रायपाटण, ओणी, आणि मग अर्जुना नदीकाठचं राजापूर. कोल्हापुरापासून आठ-दहा मुक्काम झाले.

राजापूर समुद्रावर नाही, खाडीनं बरंच आत आहे. भरती आली की मचवे आणि पडाव वर येतात, ओहोटी लागली की चिखलात टेकतात. मोठी गलबतं खाली जैतापुराच्या बाजूला उभी. त्यामुळं बंदर असूनही गाव डोंगराला चिकटलेलं, आणि घाटाची वाट थेट पेठेत उतरते. व्यापाऱ्याला आणखी काय हवं? पेठेत फिरा. कोळी, भंडारी, मुसलमान तांडेल, घाटावरचे वाणी, अरबी खलाशी. हिंग, खजूर, मिरी, कापड. इंग्रजांच्या वखारीची जागा कुणालाही विचारा, बोट दाखवतील. दहा वर्षांपूर्वी, 1661 च्या मार्चमध्ये, महाराज कोकणातून खाली उतरत इथं आले. पन्हाळ्याखालचं ते निशाण त्यांच्या लक्षात होतं. वखार लुटली, जमीन खणून काढली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैद झाले. त्यांतल्या काहींची सुटका व्हायला 1663 साल उजाडलं. 

पुढं रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास आज्ञापत्रात बजावून ठेवलं की टोपीकरांना खाडीच्या मुखाशी, समुद्रकाठी जागा देऊ नये; द्यायचीच तर आत, आपल्या नजरेखाली. पंत अमात्य बावड्याचे, म्हणजे याच सह्याद्रीच्या कडेवरचे. घाटाच्या माथ्यावर राहणाऱ्या माणसाला खालच्या बंदरात कोण बसतो याची काळजी असतेच. त्यांचं ऐकलं गेलं असतं तर पुढचं शतक वेगळं झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

राजापुराच्या दक्षिणेला खारेपाटण आहे, तिथं उभं राहून फक्त एकदा मागं वळून बघा, थेट 1008 सालाकडे. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज ताम्रपट देतोय: परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागं एक गद्याण सोनं, कंदलमूलीयहून येणाऱ्या जहाजामागं एक धरण, चेमुल्य आणि चंद्रपूरची जहाजं वगळून. चेमुल्य म्हणजे चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर. मघाशी वर क्षुल्लकपुरात दगडावर कोरलेली जकात पाहिलीत, ही खालच्या टोकाची. दोन टोकांना दोन शिलाहार घराणी, आणि मधल्या घाटातून चालणारा तोच माल.

बंदरात बसून एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण ती कागदावर कधी आली नाही. ज्येष्ठ लागला की समुद्र बंद होतो. गलबतं वर ओढून झापांनी झाकतात. त्याच आठवड्यात घाटही बंद होतो. दगडांवर शेवाळ, ओढ्यांना पूर, बैलांच्या पायात जळवा. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतो, आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांत, दसऱ्याला, तांड्याच्या बैलांच्या शिंगांना रंग लागतो. तोवर घाटातलं गवत कमरेएवढं झालेलं असतं, म्हणजे बैलांना चारा आहे. समुद्र आणि घाट एकाच पंचांगावर चालत होते. वर्षातले चार महिने कोल्हापूर आणि कोकण एकमेकांना मुकत, आणि त्या चार महिन्यांची बेगमी म्हणून वैशाखात शेवटचे तांडे धावपळीनं मीठ वर आणत.

आता वाट बदलतेय. 1858 मध्ये या. आदल्या वर्षी 31 जुलैला कोल्हापुरात 27 व्या पलटणीनं बंड केलं होतं, डिसेंबरात शहराचे दरवाजे बंद करून पुन्हा उठाव झाला होता. छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय बसला. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात आणि बंदोबस्तात एक तरुण घाटाकडे नेला जातोय. खाली जहाज तयार आहे, ते कराचीला जाणार. कडेच्या गावांतली माणसं मुजरा करायला बाहेर येतात, शिपाई त्यांना मागं ढकलतात. चिमासाहेब 1869 साली कराचीतच वारले. ज्या वाटेनं पोसायडन वर आला, ज्या वाटेनं मीठ वर आलं, तिनं हा माणूस खाली नेला आणि परत आणला नाही. अठ्ठावीस वर्षांनी, 1886 मध्ये, याच किनाऱ्यावर रत्नागिरीत दुसरा एक राजा उतरवला गेला: ब्रह्मदेशचा थिबा. त्यानंही आपला देश पुन्हा पाहिला नाही, 1916 मध्ये तो रत्नागिरीतच गेला. इंग्रजांना समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली ही पट्टी माणसं ठेवून द्यायला सोयीची वाटली.

आणि त्यांनीच रस्ता बांधला. 1870 च्या दशकात पंचगंगेवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला, ब्रह्मपुरीच्या अगदी लगत. आपण आज त्याला शिवाजी पूल म्हणतो. मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा करत रत्नागिरीला जाणारी गाडीवाट खडी घालून पक्की झाली. या पुलावरून जाणाऱ्या पहिल्या बैलगाड्यांपैकी एका गाडीत बसा. गूळ भरलाय. आंबा घाट येईपर्यंत ठीक. उतारावर गाडीवान खाली उतरतो, चाकाला लाकडाचा अडसर लावतो, स्वतः पाठ टेकवून रेटून धरतो. लाकूड घासून धूर निघतो, बैल मान आडवी करून गाडी अंगावर झेलतात. चढावर उलट. दुसऱ्याच्या गाडीची जोडी सोडून पुढं जुंपायची, आपली गाडी वर आली की चारही बैल घेऊन खाली जायचं आणि त्याची आणायची. पैशाचा व्यवहार नाही. आज तुझी, आज माझी.

चाक आलं आणि तांडा संपला. एक गाडी कितीतरी बैलांचं ओझं एकदम नेऊ लागली. नाईकाच्या बायकोचा हात, घंटेचा तो बैल, अणुस्कुऱ्याचे गुळगुळीत दगड, सगळं हळूहळू गवताखाली गेलं. लमाण दुसरीकडं पांगले. रस्ता सुधारला म्हणून आनंद मानताना ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांची चौकशी कुणी केली नाही, आणि आजही आपण करत नाही.

मग 20 एप्रिल 1891. कोल्हापूर–मिरज रेल्वे सुरू झाली. पायाभरणीची कुदळ शाहू महाराजांनी 1888 मध्ये मारली होती. गाडीतून पूर्वेकडं मिरजेला, तिथून पुण्या-मुंबईला. 1895 मध्ये महाराजांनी शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ तिथं भरली, आणि ढेपांनी डबे भरून रेल्वेनं जाऊ लागल्या. शहराचा फायदाच झाला. पण त्या दिवशी कोल्हापूरनं कूस बदलली. हजारो वर्षं पश्चिमेच्या दारातून येणं-जाणं करणारं शहर पूर्वेच्या रुळांवर बसलं. खाली राजापुराची खाडी गाळानं भरत गेली. घाटातून रूळ आजही उतरलेले नाहीत. वैभववाडीच्या रेल्वेची बोलणी आमच्या पिढीनं ऐकली, मुलंही ऐकतायत.

तरी वाट मेली नाही. सत्तरच्या दशकातली पहाटेची लाल एसटी पकडा, कोल्हापूरच्या स्टँडवरून. खिडकीची काच अर्धीच सरकते. शेजारी एक म्हातारी, मांडीवर पिशवी. सीपीआर रुग्णालयात मुलाला दाखवून परत साखरप्याला चालली आहे. मागं विद्यापीठाच्या परीक्षेला आलेली दोन कोकणी पोरं. आंब्याला गाडी थांबते. धुकं इतकं की हॉटेलचा दिवा दिसतो, हॉटेल दिसत नाही. भजी, चहा. "घाट लागेल, लिंबू घ्या हातात," म्हातारी तुम्हाला सांगते. कंडक्टर टपावरच्या मालाकडं नजर टाकतो. वैशाखात हीच गाडी परत येताना टपावर आंब्याच्या पेट्या घेऊन येते, पेंढ्याचा आणि हापूसचा वास सबंध गाडीत. कोल्हापूरच्या घराघरात देवगड-रत्नागिरीची पेटी येते, आणि कोकणातल्या लग्नाला कोल्हापूरचा गूळ जातो.

जुलै 2021. जपून चला. महापुरात केर्लीजवळ रस्ताच पाण्याखाली गेलाय. पंचगंगेनं 2019 मध्येही हेच केलं होतं. आणि वर आंबा घाटात दरड कोसळली, रस्त्याचा कडा सुटून दरीत गेला. अवजड वाहतूक कित्येक महिने बंद. ट्रकवाले फोंडा आणि बावड्याकडून वळसा घालतायत. तुम्ही त्या तुटक्या कडेशी उभे राहा. सुटलेल्या डांबराखाली खडी, खडीखाली माती, मातीतून झिरपणारं पाणी. डोंगर कापताना पाण्याला वाट ठेवली नाही की ते स्वतःची वाट काढतं. मिऱ्या–नागपूर महामार्ग म्हणून आता हा सगळा रस्ता चौपदरी होतोय. कडेची जुनी झाडं पुष्कळ गेली. रुंद रस्ता हवाच, आजारी माणसाला कोल्हापुरात आणताना घाटात तासन् तास अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. पण तांडे जेव्हा चालायचे तेव्हा पावसाळ्यात डोंगराला चार महिने विश्रांती मिळायची. आता बारा महिने, रात्रंदिवस चाकं चालतात, तेव्हा कापलेल्या उतारांची, मोऱ्यांची, गटारांची काळजीही बारा महिने घ्यावी लागेल. ती घेणारी माणसं नेमली आहेत का, हे पाली-साखरप्याच्या लोकांनी आणि आपणही दर उन्हाळ्यात विचारलं पाहिजे.

हातखंब्याला मुंबई–गोवा रस्ता आडवा येतो. तो ओलांडा आणि सरळ रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या जेटीवर या. आजची संध्याकाळ, साल हेच. होड्या लागल्यात. सुरमई, बांगडा, कोळंबीच्या टोपल्यांभोवती लिलाव चाललाय, बायका हातवारे करून भाव पाडतायत. बर्फ फोडला जातोय. कडेला एक टेम्पो उभा आहे, नंबरप्लेटवर एमएच 09. पेट्या भरल्या, वर बर्फ, त्यावर ताडपत्री. ड्रायव्हर दोरी आवळता आवळता तुमच्याकडं बघतो.

"पाव्हणं, पहाटंच्या आत मार्केटात पोचाय पायजे. आंब्याला चहाला थांबतो, मधी कुटं न्हाई. येताय काय? मलकापुरात उतरनार का कोल्हापुरात?"